कुंभिवलीचा चकवा

कुंभिवली, ता. खालापूर
९ जानेवारी १९८६

चि. लडकूस, कोंडाजीमामाचा आशीर्वाद.

हे पत्र पाकिटातून पाठवतो आहे. कार्ड टपालवाला वाचतो, आणि मग गाव वाचतो. तुझ्या आईच्या गुडघ्याला उतार पडला का ते कळव. मी तिला एरंडाचं पान बांधायला सांगितलं होतं. ती बांधणार नाही, मला माहीत आहे.

मी चौथी शिकलो आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस. तू शेलूहून रोज कल्याणला जाऊन विजेच्या खेळांची कपाटं दुरुस्त करतोस, आणि माझ्या बहिणीचा मुलगा आहेस, म्हणून तुलाच विचारतो. दुसरा कोणी हसेल.

मागल्या वैशाखात साजगावच्या कारखान्यात गोदामाला आग लागली आणि आपल्या हिरामणाचा सोबती शुक्रा त्यात गेला, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून हिरामण बोलत नाही. वेडा झालेला नाही. अंघोळ करतो, जेवतो, त्याच्या बायकोनं, बायजेनं, सांगितलं तर पाणी भरतो. पण तिच्याशीही शब्द नाही. कारखान्यात परत गेला नाही. आठ महिने झाले. डॉक्टरनं घसा बघितला, चांगला आहे म्हणाला. भगतानं कोंबडा घेतला आणि अमावस्येला परत या म्हणाला. मी गेलो नाही. मी रोज दारातून त्याला हाक मारतो. त्याला ऐकू येतं, कारण मान ताठ होते. पण ओ देत नाही. मग मीही तोंड फिरवतो. एकतीस वर्षांच्या मुलाला किती आळवायचं?

आता नवीनच झालं आहे. हमरस्त्यावरच्या गजाशेटच्या हॉटेलात दिवाळीपासून तसलं एक कपाट आणून ठेवलं आहे. रुपया घातला की काचेत वाटा दिसतात. एक पिवळं तोंड असतं, नुसतं तोंड, धड नाही, आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. मूळ नाव काय ते कोणाला सांगता येत नाही. इकडे सगळे त्याला चकवा म्हणतात. हिरामण सकाळी तिथे जातो तो दिवेलागणीला परत येतो.

मला खरं सांग. आगीत गेलेल्या माणसाचं काही अशा पेटीत येऊ शकतं का? आणि त्या उजेडानं डोळे जातात का? आणि तुझ्या शेठला सांगून ते कपाट तिथून उचलता येईल का? तिन्हींची उत्तरं दे. एकाचं देऊन दोन विसरू नकोस.

तुझा
कोंडाजी मामा


शेलू
१५ जानेवारी १९८६

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

आई पान बांधत नाही.

तिन्ही उत्तरं देतो. पेटीत कोणाचं काही येत नाही. आत एक हिरवी पाटी असते, तिच्यावर काळ्या गोमी बसाव्यात तसे भाग असतात, आणि चित्र दाखवायला टीव्हीची काच असते. इतकंच. डोळे चुरचुरतात, जात नाहीत. कपाट आमच्या शेठचंच आहे, पण उचलायचं की नाही हे शेठ आणि गजाशेट ठरवतात, मी नाही.

भुतांचं सांगतो, म्हणजे तुमची भीती जाईल. वाटांवर ठिपके असतात, ते सगळे खाल्ले की पट सुटतो. चार कोपऱ्यांत चार मोठे ठिपके आहेत. ते खाल्ले की भुतं थोडा वेळ निळी पडून पळतात आणि तोंड उलट त्यांनाच खातं. खाल्लेल्या भुताचे नुसते डोळे उरतात, आणि ते डोळे तेवढे घरी परत जातात. डावीकडे-उजवीकडे एक भुयार आहे, त्यात भुतं हळू चालतात. चौघांना चार सवयी आहेत. लाल भूत तुम्ही असाल तिथेच नेम धरतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढे जाऊन वाट अडवतं. निळसर भूत लाल कुठे आहे ते बघून स्वतःचं ठरवतं, म्हणून त्याचा भरवसा नाही. केशरी लाजाळू आहे. तुमच्याकडे सरळ येतं, आठ घरांवर आलं की माघारी वळून आपल्या कोपऱ्यात जातं. पुन्हा येतं, पुन्हा वळतं.

आणि चौघंही सारखा पाठलाग करत नाहीत. मधूनमधून पाठ सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात. सततचा पाठलाग कोणालाच सोसणार नाही म्हणून बनवणाऱ्यानं तशी सोय ठेवली आहे, असं शेठ सांगतात. यात नशीब नाही. तुम्ही पुन्हा तसंच्या तसं वळलात तर भुतंही पुन्हा तश्शीच वळतात. कल्याणात लोक वळणं पाठ करून खेळतात.

हिरामणदादा कसा खेळतो? किती पट सोडवतो? ते बघून कळवा.

आपला
लडकू


कुंभिवली
२१ जानेवारी १९८६

चि. लडकूस आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. ते डोळे तेवढे घरी परत जातात, ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. आमचा हिरामण दिवेलागणीला येतो तो तसाच येतो. बाकीचा कुठे ठेवून येतो ते कळत नाही.

तू सांगितलंस म्हणून बघायला गेलो. हॉटेलच्या अलीकडे टायरवाल्याचं दुकान आहे, तिथे उभं राहिलं की आतलं दिसतं. तिथूनच बघितलं. आत गेलो नाही. ट्रकवाल्यांची गर्दी होती.

लडकू, तो खेळत नाही. रुपया घालतो, दांडा दोनतीनदा हलवतो आणि हात मागे बांधून उभा राहतो. पिवळं तोंड खालच्या अंगाला, मधल्यापासून थोडं उजवीकडे, एका वळणावर उभं असतं, वर बघत. भुतं येतात, शेजारून जातात, परत येतात. एकही त्याला शिवत नाही. मी टायरवाल्याकडे तासभर बसलो असेन. तेवढ्या वेळात तोंड जागचं हललं नाही आणि हिरामणही हलला नाही.

टायरवाला पोशा म्हणाला, रोज हेच चालतं. गजाशेट वैतागला आहे. परवा सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, “लोक माझा वडा खाऊन पुढं जातात, हा एक रुपयात मुक्कामाला येतो.” पोशानं हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही. दुसऱ्या कोणाला खेळायचं असलं तर हिरामणामुळे खोळंबून राहतो.

सगळं तसंच्या तसं होतं म्हणतोस. मग तो रोज तेच परत परत काय बघत असेल? आणि भुतांना तो दिसत कसा नाही? हे चांगलं आहे की वाईट? बायजेला विचारलं तर ती म्हणाली, “तिथं तरी त्यांना कोन धरत नाय.” बाईमाणसाचं उत्तर. मला तुझं पाहिजे.

कोंडाजी मामा


शेलू
२७ जानेवारी १९८६

ती. स्व. मामांस सा. न.

तुमचं पत्र शेठना वाचून दाखवलं. रागावू नका, फक्त खेळापुरतं वाचलं. शेठ खुर्चीतून उठले. ही जागा त्यांना एका परदेशी बोटीवरच्या खलाशानं सांगितली होती, आणि कल्याणात ती आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नाही, असा त्यांचा समज होता.

त्या वळणापाशी भुतांना वर वळायची मनाई आहे. का, ते शेठनाही सांगता येत नाही. पिवळं तोंड तिथे वर बघत उभं केलं की भुतं आजूबाजूनं फिरत राहतात. त्यांना डोळे चितारलेले आहेत, पण ती बघत नाहीत, नुसता हिशेबानं नेम धरतात, आणि तिथे तो नेम चुकतो. अट एकच. तिथे शिरताना एकही भूत अगदी पाठीवर नसावं. शिरल्यावर मात्र हलायचं नाही. तोंड जरा वळवलं तरी सापडतं.

अशी जागा कोणी सांगितल्याशिवाय सापडत नाही. नाहीतर हजारदा मरून सापडते. हिरामणदादाला सांगणारं कोणी नव्हतं.

आता दुसरं. गजाशेटचा निरोप आला आहे. ती जागा बंद करा, नाहीतर कपाट न्या, असा. दुसरा भाग बसवला की भुतांची चाल बदलते आणि ती जागा जागा राहत नाही. मला ३ तारखेला पाठवणार आहेत. मामा, मी ते करू का? तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

लडकू


कुंभिवली
३१ जानेवारी १९८६

चि. लडकूस,

बंद कर. लगेच बंद कर.

तुझ्या पत्रानं मला घाम फुटला. तू हे विजेचं समजून लिहिलंस, पण ही गोष्ट विजेची नाही. ती मी शिकवलेली आहे. चकवा लागला म्हणजे काय करायचं, हे आमच्या वेळी प्रत्येक पोराला शिकवायचे. बांधावरून चाललास आणि तोच बांध पुन्हा पुन्हा समोर आला तर पळायचं नाही. पळालास तर जास्त फिरवतो. आहे तिथे बसकण मारायची, वर आभाळाकडे बघायचं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, कारण भूत एकदाच हाक मारतं. त्याला दुसऱ्यांदा मारता येत नाही. माणूस असेल तर तीनदा मारील. तिसरीला ओ द्यायची.

हिरामण सहा वर्षांचा होता. कोणीही हाक मारली की ओ देत निघायचा, असं मोकळं पोर. एका तिन्हीसांजेला बांधापलीकडून कोणीतरी हाक मारली आणि हा गेला. आम्ही तासभर शोधत होतो. ओढ्याच्या काठी सापडला, गुडघाभर पाण्यात. हाक कोणाची होती ते कधी कळलं नाही. तेव्हा मी त्याला मारलं आणि हे सगळं शिकवलं. रोज म्हणून घेतलं, पाढे म्हणून घेतात तसं. कितव्या हाकेला? तिसऱ्या. पहिलीला दिलीस तर? मेलो.

म्हणजे त्याला चकवाच लागला आहे, आणि तो मी सांगितलं तसा उजाडायची वाट बघतो आहे. पण त्या पेटीत उजाडतं कुठे?

म्हणून बंद कर. पण असं वाटतं की बंद केलंस आणि लोकांसमोर भुतांनी त्याला धरलं, तर त्याचं काय होईल? तेव्हा नको करूस. पण नाही केलंस तर तो तिथेच म्हातारा होईल. तेव्हा कर. तू तिथे गेल्यावर तुला काय वाटेल ते कर, पण बंदच कर.

कोंडाजी मामा


शेलू
६ फेब्रुवारी १९८६

ती. स्व. मामांस सा. न.

३ तारखेला येऊन गेलो. घरी आलो नाही, त्याची क्षमा असावी. शेवटची गाडी गाठायची होती. तुम्हाला मात्र मी बघितलं. दुपारी टायरवाल्याच्या दुकानापाशी तुम्ही आलात, हॉटेलकडे बघत काही पावलं पुढे टाकलीत आणि वळून गेलात. पोशा म्हणाला की हे रोजचं आहे. मी हाक मारणार होतो. मारली नाही.

मी कपाट मागून उघडलं तेव्हा हिरामणदादा बाजूला झाला. मी काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या पिशवीतली विजेरी काढून त्यानं बरोबर पाहिजे तिथे उजेड धरला. कारखान्यात तो यंत्रांचंच काम करायचा ना. मी त्याला पाटी दाखवली. हा भाग काढून हा बसवला की तुझी जागा जाईल, असं खरं ते सांगितलं. मला फसवायचं नव्हतं.

त्यानं विजेरी पाटीवरून एकदा फिरवली. मग बोलला, मामा. आवाज गंजलेल्या कडीसारखा होता. त्याचेच शब्द लिहितो.

“लडक्या, हितली भुतं हाक मारत नायत रं. म्हनून मी हितं येतो.”

मी विचारलं, हाक कोण मारतं? मी स्क्रू काढत राहिलो. मग तो विजेरीच्या उजेडाकडे बघत म्हणाला,

“शुक्रानं एकदाच मारली. मी दुसरीची वाट बघत उभा राह्यलो.”

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं, ते मी जुळवून लिहितो. गोदामात भर दिवसा काळोख झाला होता. धुरानं दारसुद्धा दिसत नव्हतं. शुक्रा आत पिंपं हलवत होता. दादा दारात होता, दहा हातांवर. आतून “हिरामन” अशी एक हाक आली. दादा म्हणतो, पाय उचललाच नाही. डोक्यात काही आलं नाही, भीतीसुद्धा नाही. अंगच थांबलं, लहानपणी थांबायचं तसं. दुसरी हाक आली नाही.

तो आत गेला असता तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. कदाचित दोघेही गेले असते. मी तसं म्हटलं. त्यानं विजेरी माझ्या हातात दिली.

मी भाग बदलला नाही. गजाशेटला खोटंच सांगितलं की पाहिजे तो भाग आणलेला नाही. तो म्हणाला, मग कपाटच न्या. २२ तारखेला टेंपो येईल.

हे तुम्हाला लिहावं की नाही, यावर दोन दिवस काढले. तुम्ही मागच्या पत्रात शिकवणीचं लिहिलं नसतं तर मला काही कळलंच नसतं. लिहिलंत, म्हणून लपवता आलं नाही.

लडकू


शेलू
१५ फेब्रुवारी १९८६

ती. स्व. मामांस सा. न.

तुमचं पत्र नाही. तुम्ही दोन दिवसांत उत्तर पाठवणारे, म्हणून आई काळजीत आहे. तिनं पान बांधायला सुरुवात केली आहे, हे तुम्हाला कळवायला सांगते. मी लिहिलं ते चुकलं असेल तर मला शिव्या द्या, पण पत्र पाठवा. टेंपो २२ लाच आहे.

लडकू


कुंभिवली
२४ फेब्रुवारी १९८६

चि. लडकूस, कोंडाजीमामाचे आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मिळाल्यावर मला लिहिता आलं नाही. हातात पेन घेतलं की वर्ग आठवायचा. वर्ग म्हणजे आमची ओटी, आणि समोर सहा वर्षांचा हिरामण. कितव्या हाकेला? तिसऱ्या. मी शाबास म्हणायचो.

तू मला दोष दिला नाहीस. ते तुझं मोठेपण. पण ऐक, आता मी एक लिहितो, ते तुझ्या आईलाही वाचून दाखव, कारण ती साक्षी आहे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे मी जगाला शिकवलं आणि स्वतः जन्मभर पहिल्याच हाकेला ओ दिली. पाटलाच्या, मुकादमाच्या, तलाठ्याच्या. अर्ध्या हाकेलाही दिली आहे. भूत असलं तर असो, माणूस रागावला तर काय, ही भीती मोठी होती. मुलाला मात्र भुताची भीती दिली, कारण तेव्हा ती स्वस्त वाटली.

आणि दुसरं. नऊ महिने मी त्याला दारातून एकच हाक मारत आलो. एक मारली आणि तोंड फिरवलं. मला वाटायचं हा माजला आहे. त्याची मान ताठ व्हायची तेव्हा तो मोजत होता की काय, हे तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. टायरवाल्यापासूनही मी वळायचो ते गर्दीमुळे नाही. तुझ्या केशरी भुतासारखंच. तू ते भूत लिहिलंस तेव्हाच मला समजलं होतं, पण मी लिहिलं नाही.

२० तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. दोन दिवसांनी कपाट जाणार होतं, म्हणजे पुढे ढकलायला जागा उरली नव्हती. टायरवाल्याच्या दुकानावरून पुढे पावलं मोजत गेलो. आठव्या पावलाला पाय वळायला लागले. पोशा बघत होता. मी नववं टाकलं.

आत चारपाच ट्रकवाले खात होते. हिरामण पाठमोरा, हात मागे बांधून. काचेत पिवळं तोंड त्याच्या जागेवर. मी त्याच्यामागे चार हातांवर उभा राहिलो आणि म्हटलं, “हिरामण.” मान ताठ झाली. वळला नाही. मी पुन्हा म्हटलं, “हिरामण.” गजाशेट गल्ल्यावरून म्हणाला, “बाबा, तो ऐकायचा नाय, तुमी बसा, चहा घ्या.” चांगल्या मनानं म्हणाला. मी बसलो नाही.

तिसरी हाक मी लगेच मारली नाही. लडकू, तुला खरं कारण सांगतो. दोन हाका मारून गप्प बसलं तर आशा राहते. तिसरी मारली आणि ओ आली नाही, तर पुढे काही नाही. बियाण्याचं शेवटचं पसाभर भात घरात उपास पडला तरी शिजवत नाहीत, तशी ती हाक मी शिल्लक ठेवली होती. भुतं काचेत जात होती, येत होती. त्यांना घाई नव्हती, मलाही नव्हती. केशरी भूत दोनदा जवळ येऊन गेलं.

मग मी त्याला लहानपणी हाक मारायचो तशी मारली. “हिरू.”

त्यानं ओ दिली.

एवढंच. “ओ.” वळला नाही. पण हात सुटले. त्यानं दांडा धरला आणि तोंड त्या जागेतून बाहेर काढलं. डावीकडे नेलं, जरा वर, आणि लाल भुतानं धरलं. ते पिवळं तोंड उघडत उघडत उलटं मिटून गेलं, आणि वाईट आवाज आला. मी डोळे झाकले. उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मागून एक ट्रकवाला ओरडला, “भाई, दो बाकी है.” त्याच रुपयात अजून दोन तोंडं शिल्लक होती म्हणे. हिरामणानं त्याला हातानं खूण केली, तू खेळ म्हणून.

रस्ता ओलांडताना मी त्याला सांगितलं की मी शिकवलं ते चुकीचं होतं. तो म्हणाला, “चुकीचं नव्हतं, आबा. तू तीनदा मारलीस ना?” बायजा दारात होती. त्यानं तिला पाणी मागितलं. ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग भरलेला तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “कळशी विसळायची होती.”

२२ ला टेंपो आला. तू येशील असं वाटलं होतं, दुसराच माणूस होता. कपाट चढवायला हिरामणानं हात लावला. गजाशेटच्या भिंतीपाशी जमिनीवर चौकोनी डाग राहिला आहे.

काल आम्ही दोघं साजगावला गेलो, शुक्राच्या आईकडे. तो म्हणाला मला सांगायचं आहे, आणि मी म्हटलं मी येतो, कारण शिकवणारा मी. सोनुबाई मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. पुढचं दार उघडं होतं. हिरामणानं उंबऱ्याबाहेरून हाक मारली, “सोनुमावशी.” ओ नाही. सुपाचा आवाज येत होता, म्हणजे बाई घरात होती. मला वाटलं, आपला आवाज ओळखला आणि नको आहोत तिला. मी त्याची बाही ओढली. त्यानं दुसरी हाक मारली. ओ नाही. मग तिसरी. तेव्हा आतून आवाज आला, “ओ. कोन रं?”

तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. हिरामणानं उभ्यानं सगळं सांगितलं. दहा हातांवर होतो, एक हाक आली, मी दुसरीची वाट बघितली. काही लपवलं नाही, पण मी शिकवल्याचं तेवढं सांगितलं नाही. ते मी सांगितलं. ती सूप हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली,

“आता दारात किती हाका मारल्यास?”

“तीन.”

“मी कितवीला ओ दिली?”

ती म्हणाली, “शुक्राला मीच शिकवलेलं. त्याला ठाव हाय तू का थांबलास.” मग सुपातला खडा वेचून बाहेर टाकला आणि म्हणाली, “एकच हाक होती त्याच्यापाशी. ती तुजी झाली. माजी नाय.”

ती रडली नाही. हिरामण रडला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं, तिच्या अंगणात. तिनं त्याला थांबवलं नाही आणि मीही नाही. निघताना म्हणाली, “येत जा मधनंमधनं. हाका मारीत ये.”

परतताना अर्ध्या वाटेत मला एक शंका आली. सोनुबाईचं वय माझ्याएवढं आहे. तिला कमी ऐकू येत असेल आणि पहिल्या दोन हाका पोचल्याच नसतील, बाकीचं तिनं उभ्या उभ्या रचलं असेल, पोराची दशा बघून. मी हिरामणाला विचारलं नाही. तू भेटलास तर तूही विचारू नकोस. तिनं रचलं असेल तर ते मी रचलेल्यापेक्षा बरं रचलं आहे.

हिरामण कारखान्यात परत जाणार नाही म्हणतो. तुझ्या शेठकडे यंत्रांचं काही काम असेल तर विचार. नसेल तर नाही म्हण, पण कळव. आईला सांग, पान उलटं बांधू नये, शिरा वरच्या बाजूला याव्यात. आणि पत्राचं उत्तर लगेच दे. हे पहिलंच पत्र समजून दे. तिसऱ्याची वाट बघू नकोस, आमच्या घरात आता ते बंद केलं आहे.

तुझा
कोंडाजी मामा